बाबांची पावडर, काकीची रोवणी

आमच्या शामकलाकाकीला काहीच झालं नव्हतं, आणि हेच कुणाला पटत नव्हतं. घरात कुणी गेलं नाही, भांडण नाही. कैलाशकाका रायपूरला गोदामात कामाला, सणावारालाच येतात, पण ते तर आधीपासूनच. तरी काकीला सकाळी उठवेना. उठली की छातीत धडधड, हातातली कपबशी वाजायची.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट विचारपूस केली. म्हणाल्या, "महिनाभर घराबाहेर पडा, अंगमेहनत करा, चार बायांत बसा. मग परत या. गोळ्या लागल्या तर तेव्हा देऊ."

सोबत गेलेल्या बाबांनी त्यातलं एकच ऐकलं. "म्हणजे नैसर्गिक उपाय!"

आठवड्यात आमच्या गोरेगावच्या दुकानात चिंता पळवणाऱ्या हिरव्या पावडरीचे डबे आले. पहिला काकीला, बाकीचे गिऱ्हाइकांना.

मी तेव्हा वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आले होते. दहावीतली मी, पण वाटायचं, आता आपल्यासमोर कोण टिकतो! मीच युक्ती काढली. काकी लग्नाआधी धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, सगळ्यांच्या पुढे असायची. पण बाबा दुकानदार झाले आणि आमच्या घरच्या बाईनं चिखलात उतरणं बंद झालं. म्हणून घरी सांगितलं, काकीला शिलाईचा क्लास लावलाय. आणि तिला सायकलवर मागे बसवून नेलं थेट नंदाबाईच्या, रोवणीला जाणाऱ्या मजूर बायांच्या टोळीत.

"काऊन वो शेठाणी," नंदाबाई पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी तिच्याकडे फेकत म्हणाली, "हात विसरले का?"

"हात नाही विसरले. कंबर विसरली."

धानाच्या बांधीतल्या सगळ्या बाया हसल्या. काकीसुद्धा! मी शाळेला उशिरा पोचले, बाईंनी बाहेर उभं केलं, तरी मी हसतच होते.

पहिले चार दिवस ती मध्येच बांधावर जाऊन बसायची. नंदाबाई काही विचारायची नाही, फक्त चहा पुढे करायची. तिसऱ्या आठवड्यात काकी ओळीत सगळ्यांच्या पुढे. नंदाबाईच्या विहिरीवर पाय धुवायची, घरी यायची, पावडर मोरीत ओतायची आणि रात्री दोनदा भात घ्यायची.

ते दोनदा भात घेणं बाबांनी पाहिलं.

बाजाराच्या दिवशी त्यांनी काकीला काउंटरपाशी स्टुलावर बसवलं. "आमच्याच घरची बाई पाहा. पलंगावरून उठत नव्हती. आता पाहा!" काकी डोक्यावरचा पदर ओढून खाली बघत होती. गिऱ्हाइकं डबा हातात घेऊन वास घेत होती.

माझ्यानं राहवलं नाही. पोत्यावर उभी राहिले. "खोटं आहे! काकी पावडर मोरीत ओतते. ती रोज रोवणीला जाते, म्हणून बरी झाली!"

आवाज छान लागला होता. टाळ्या यायच्याच बाकी होत्या.

"दुकानदाराच्या घरची बाई रोजीनं जाते?" एक म्हातारी म्हणाली.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन सांगतली वो?" इतकंच.

बाबांचा चेहरा आधी काळाठिक्कर पडला. मग ते मोठ्यानं हसले. "पोट्टी लहान हाय, तिले काय समजते? मोरीत ओतली ते उरलीसुरली. अन् पलंगावरची बाई रोवणी करून राहिली, एवढी ताकद कुठून आली? सांगा ना! याच डब्यातून!"

दुपारपर्यंत एकही डबा उरला नाही.

त्या दिवसापासून शिलाईचा क्लास बंद. नंदाबाई एकदा विचारायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरीणबाईंची तारीख आली तेव्हा बाबा म्हणाले, "बरी झालेल्या माणसाले दवाखाना कायले?" मी भांडले. खूप भांडले. बक्षिसाचा कप आपटला. रायपूरला फोन केला, तर काका म्हणाले, "दादा करतो ते बरोबरच करत असंल." मला कळलं, मी चांगलं बोलते, यानं घरात काहीच होत नाही.

काकी पुन्हा उठेनाशी झाली. फक्त बाजाराच्या दिवशी तिला उठवतात, नवी साडी नेसवतात, स्टुलावर बसवतात.

काल बाबा लाडात येऊन म्हणाले, "आचल, तू तर भाषणवाली. काकीले गिऱ्हाइकापुढे काय बोलायचं, चार ओळी लिहून दे."

मी दिल्या नाहीत.

"राहू द्या," काकी म्हणाली, आणि कपबशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मले पाठ हाय."