पोळ्यासाठी राखलेले एरंडेल

मी एक जुनी पत्र्याची बुधली आहे, एरंडेलाची. माझा राग अजून गेलेला नाही. तेव्हा मित्रांनो, गोड गोष्टीची आशा धरू नका.

काष्टीच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून सांधले. कर्जतकडच्या सूर्यभानने मला विकत घेतले. बांधावरच्या एरंड्या भाजून, कुटून, उकळून त्याची बायको कडूबाई तेल काढी आणि माझ्यात भरी. बाळाची टाळू, गाडीचा आख, बैलांचे सोललेले खांदे, सगळीकडे मीच लागे. सूर्यभान चारचौघांत माझे कौतुक करी.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. मुलगा पुंजाराम बैलांना चाऱ्यासाठी नेवाशाकडे बहिणीच्या गावी घेऊन गेला. सून भागूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली, तीही अनवाणी. तिच्या टाचा अशा फुटल्या की मागे रक्ताचे ठिपके उमटत. मुकादमाने बजावले, पाटी उचलवत नसेल तर घरी बस. घर तर तिच्याच मजुरीवर चालले होते! तिने माझ्याकडे हात नेला, तर सूर्यभान गुरकावला, "बैलाचं हाय ते. पोळ्याला लागंल."

पोटात तेल घेऊन मी खुंटीवर लटकत राहिले आणि खाली ती पायाला चिंध्या बांधत राहिली. पत्र्याला दात नसतात, नाहीतर मी त्याला चावलेच असते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर ओझे ओढणाऱ्या बैलांचे खांदे त्या दिवशी तेल-हळदीने चोळतात. बैल तर गावात नव्हते. मग या शहाण्याने काय करावे? रीत मोडू नये म्हणून रिकामे जू अंगणात मांडले आणि त्या लाकडाला चोळायला मला उघडले!

कडूबाई जन्मात नवऱ्यापुढे बोलली नव्हती. ती उठली आणि तिने मला त्याच्या हातून काढून घेतले.

"औंदा बैलं न्हाईत. वझं हिनं वढलंय," ती म्हणाली. "मळायचं तर हिला मळा."

सूर्यभानने जू उचलून भिंतीला टेकवले. सासूचा हात पायाला लागताच भागूबाईने संकोचून पाय आखडला. कडूबाईने तो ओढून मांडीवर घेतला आणि मला शेवटच्या थेंबापर्यंत त्या भेगांत रिचवले. दुसऱ्या दिवशी भागूबाई कामावर गेली, पण लंगडतच. मला आधी उतरवले असते तर ते लंगडणेही टळले असते, हे मी विसरणार नाही.

मित्रांनो, आज मी अडगळीत गंजते आहे. माझी फिकीर करू नका. तुमच्या घरात तेल कोणासाठी राखले आहे आणि टाचा कोणाच्या फुटल्या आहेत, एवढे मात्र खाली वाकून बघा.