ठिपक्यांचं राजघराणं

रफूबाईंचं सगळं जग त्या दिवसांत एका भोकाएवढं झालं होतं.

भोक पलंगावरच्या फोमच्या गादीत आणि खालच्या फळीत होतं, चेहरा मावेल एवढं, आणि ते जावयाने स्वतःच्या हाताने कापलं होतं. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला जागेवर दाबून धरणार, पण कधी? तर बाई मान खाली घालून राहतील तेव्हाच. "जेवताना खाली, बोलताना खाली, झोपताना पालथं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जिने उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाही, तिला नेमकं हे औषध!

"आई, आता नव्या नवरीसारखी राहा थोडे दिवस," लेक म्हणाली होती.

"नवरी होते तेव्हाही नव्हते राहिले. तुझ्या बापाला विचार. आता तो नाही म्हणून बरं, नाहीतर हसून हसून मेला असता."

लेकीची दिवसभर नोकरी. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याला रात्रपाळी. म्हणून दिवसा सासूला सांभाळायचं काम जावयाकडे आलं. वाकडी नळी लावून चहा पाजायचा. घास बारीक करून द्यायचा. केसांत गुंता झाला की कंगवा घेऊन बसायचा, आणि विंचरता येत नसल्यामुळे गुंता वाढवायचा. रफूबाई बोलायच्या. तो ऐकून घ्यायचा.

भोकातून खाली फरशी दिसायची, तीही धुक्यात बुडालेली. डावा डोळा लहानपणापासून नावापुरता, आणि उजव्यात बुडबुडा डुलत होता. लांबचं सगळं नुसता धूर. पण मान खाली असली की वीतभर अंतरावरचं, अगदी नाकासमोरचं, तेवढं मात्र नवलाचं स्पष्ट दिसे. हे जावयाला कसं कळलं? तर एकदा बाई म्हणाल्या, "जावईबापू, चहा गाळायला शिका. नळीच्या टोकाला पूड चिकटलीय."

दुसऱ्याच दिवशी भोकाखाली एक स्टूल आलं. स्टुलावर काचेची टाकी, बिस्किटांच्या डब्याएवढी. टाकीत पाणी. पाण्यात काही नाही.

"हे काय?"

"राजघराणं," जावई म्हणाला.

त्याने पाकीट भोकाखाली धरलं. मिठाच्या पाण्यात पूड सोडा, आत सुकून बसलेली अंडी जागी होतील आणि इवलेइवले जीव पोहू लागतील, असं त्यावर लिहिलेलं. चित्रात मात्र एक राजा, एक राणी आणि दोन राजपुत्र. सगळ्यांना शेपट्या, सगळ्यांना मुकुट.

"अगंबाई, हिची कंबर बघा! आणि पाण्यात राहून लाली कशी टिकते हिच्या ओठांची?"

"तसे नसतात ते. ठिपक्याएवढे असतात. चित्र आपलं विकण्यासाठी."

"एवढे मोठे झालात तुम्ही, आणि खेळणं आणलंत?"

"लहानपणी हवं होतं. तेव्हा राहून गेलं. आणि तुम्हाला बघायला काही नको?"

रफूबाई रिकाम्या पाण्यात बघू लागल्या.

थेंब.

(डोळ्यात थेंब घालताना मान तेवढ्यापुरती वर करायची, मग डोळे मिटून घ्यायचे. तेवढा वेळ बाईंना काही दिसत नाही, म्हणून आपल्यालाही नाही. जे ऐकू येईल तेवढंच.)

बाटलीचं झाकण. नळ. जावई हात धुतोय, दोनदा धुतोय. साबणाच्या वासाखाली ग्रीसचा वास, तो काही जात नाही.

"गार आहे हं."

"ठाऊक आहे. रोज सांगता."

"सांगत राहायचं असतं. लिफ्ट मधेच बंद पडली ना, की आधी आत अडकलेल्याशी बोलायला लागायचं. दार मग उघडायचं. माणूस बिथरतो तो अंधाराने नाही, बाहेर कुणी नाही असं वाटल्याने."

"मी काय लिफ्टमध्ये अडकलेय?"

"अडकलायतच की. फक्त आडव्या."

कुणीतरी हसतंय. दोघंही.

पुन्हा भोक.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

रफूबाईंचं काम कापडाला पडलेलं भोक नाहीसं करण्याचं. त्याच कापडाच्या शिवणीआडून धागे काढायचे आणि उभ्याआडव्या विणीत असे ओवायचे, की मालकालाही जागा सापडू नये. "दिसलं ते रफू नव्हे, ते ठिगळ," त्या म्हणायच्या. तर ऑपरेशनच्या आधी त्या एक काळा कोट रफू करत होत्या. कोटावर बारीक बारीक कुसं दिसू लागली. त्यांनी ती चिमटीने उचलली. उचलली जाईनात. ब्रशने झटकली. झटकली जाईनात. कोटाच्या मालकाला मनोमन चार शिव्या घातल्या आणि काम रेटलं. कुसं कोटावर नव्हतीच. डोळ्यात होती. पडदा फाटू लागला होता आणि बाई कोट झटकत बसल्या होत्या. मग एका कडेने सावली चढत आली, तेव्हा कुठे त्यांनी सुई खाली ठेवली.

म्हणून निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नवे ठिपके दिसले, काही उडतंय असं वाटलं, तर त्याच पावली इथे या. दुसऱ्यांदा पडदा सुटला तर मी डोळा वाचवायला बघेन. पण सुईकामाची नजर... त्याचं वचन नाही देता येणार."

रफूबाईंना बाकी काही नको होतं. सुईच्या नेढ्याएवढी नजर हवी होती.

जावयाने पूड पाण्यात सोडली, पण टाकीत काहीच होईना. पाणी गढुळलं, निवळलं, पुन्हा गढुळलं. जावई कामावरून आला की कपडे न बदलता आधी गादीखाली डोकावायचा. "काही हालचाल?"

"राजा शिकारीला गेलाय. राणी माहेरी."

एका संध्याकाळी लेकीने नाक मुरडलं. "वास मारायला लागलंय ते पाणी. आईच्या तोंडाखाली कसलं डबकं ठेवलंय? सकाळी ओतून टाका."

"थंडीमुळे असेल," जावई म्हणाला. "ऊब लागते त्यांना."

"मग स्वेटर घाला त्यांना!"

त्याने वाद घातला नाही. कामावर जाताना टाकीशेजारी टेबलावरचा दिवा लावून ठेवला, शेवटचा उपाय म्हणून.

सकाळी लेक कामाला गेली. जाताना तिने दिवा बंद केला. रफूबाईंनी भोकातून खाली पाहिलं.

ठिपके.

बारीक, फिकट, धक्के खात सरकणारे. एक. त्याच्या शेजारी आणखी. मग कितीतरी.

त्यांनी डोळा मिटला. उघडला. होतेच. पुन्हा मिटला आणि तसाच मिटून ठेवला.

आपल्याला आता ओरडून सांगावंसं वाटतं, की अहो, ते टाकीत आहेत! पण कोट झटकून एकदा पोळलेल्या बाईला कोण सांगणार? तेव्हा डोळ्यातले ठिपके तिने बाहेरचे मानले होते. ती चूक ती जन्मात पुन्हा करणार नव्हती. शिवाय जिकडे बघून खात्री करावी, ती फरशी, ती भिंत, सगळा धूर. दिसत होतं ते फक्त पाणी, आणि पाण्यावर ठिपके.

सांगितलं तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर. पुन्हा तो मोठा दिवा, पुन्हा पालथं पडणं, आणि शेवटी कदाचित सुई कायमची डबीत. नाही सांगितलं तर आजचा दिवस तरी आपला.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. जावई आला होता.

थेंब.

झाकण. नळ. साबण, ग्रीस.

"गार आहे हं."

काही नाही.

"आज लिफ्टमध्ये एक आजोबा अडकले होते. बाहेर काढल्यावर मलाच विचारतात, 'तुम्ही ठीक आहात ना?'"

काही नाही.

"ही टाकी आता ओतून टाकतो. उगाच आणली."

काही नाही. बादली सरकल्याचा आवाज. मग बादली थांबल्याचा.

"आई. मी आल्यापासून तुम्ही मला एकदाही नावं ठेवली नाहीत."

घड्याळ. शेजारच्या घरात कुकर.

"काय होतंय?"

"ठिपके दिसतायत," रफूबाई म्हणाल्या. "सकाळपासून. मी बोलले नाही."

पुन्हा भोक.

तो रागावला नाही. 'सकाळपासून?' असंही म्हणाला नाही. त्याने आधी दवाखान्यात फोन केला, मग टॅक्सीला. बाईंच्या चपला आणून गादीजवळ ठेवल्या. हे सगळं करताना तो बोलत होता. हे करतोय, आता हे, टॅक्सी निघालीय, मी इथेच आहे. रफूबाईंना कळत होतं की हा आपल्याशी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखा बोलतोय. आणि त्यांना बरं वाटत होतं. बाहेर कुणीतरी होतं.

टॅक्सी यायला वेळ होता. तो गादीजवळ फरशीवर बसला.

"बिघाड कुठे आहे ते बघू. नेमके कुठे दिसतात?"

"इथेच. पाण्यावर."

"पाण्यावर की पाण्यात?"

"मला काय ठाऊक! माझ्या डोळ्यात कुठे काय आहे ते मला दिसतं होय?"

चला, नावं ठेवायला सुरुवात झाली. तो जरा सैलावला. मग एकदम उठला आणि कचऱ्याच्या डब्यातून पाकीट काढून आणलं. राजाच्या मुकुटाखाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. ते त्याने चष्मा लावून वाचलं, पण मोठ्याने नाही. कामाच्या पिशवीतून टॉर्च काढली.

"डोळा हलवू नका. नुसतं बघा, आणि काय होतं ते सांगा."

टाकीच्या एका बाजूला उजेड झाला.

रफूबाई बघत राहिल्या. श्वाससुद्धा बेताने.

"चाललेत," त्या म्हणाल्या. "त्या कोपऱ्याकडे. अगंबाई, सगळे निघाले की! हा एक मागे राहिलाय... गेला, तोही गेला."

उजेड सरकत दुसऱ्या बाजूला गेला.

"वळले! जावईबापू, वळले सगळे!"

"डोळ्यातले ठिपके टॉर्चचं ऐकत नाहीत, आई," तो म्हणाला. "हे उजेडाकडे धावतात, असं लिहिलंय इथे. मला तर अजून एकही दिसत नाहीये."

मग त्याने बाईंच्या शिवणाच्या डब्यातलं भिंग काढलं, गादीखाली डोकं घातलं आणि काचेला नाक लावलं. बराच वेळ त्याचे फक्त पाय बाहेर होते.

"आहेत!" खालून आवाज आला. "आहेत हो! तुम्हाला दिसले आणि मला नाही!"

रफूबाई गादीत तोंड खुपसून हसल्या. अंगाला गदगद कंप सुटला, तेव्हा त्याला वाटलं रडतायत. तसं थोडं तेही होतं.

"टॅक्सीला नको सांगा आता."

"राजघराणं जन्मलं म्हणून दवाखाना सुटत नाही. उठा. मान खाली."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पडदा जागेवर होता. "आलात ते चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा असं काही दिसलं तर राजाबिजा काही न बघता आधी इथे यायचं." परतीच्या वाटेवर टॅक्सीत मान खाली घालून बसलेल्या रफूबाईंना जावयाचे बूट दिसत होते. डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. घाईत बांधायची राहिली असणार. त्या सबंध रस्ताभर तिच्याकडे बघत राहिल्या.

बुडबुड्यानंतर.

बुडबुडा विरत गेला आणि मान वर आली. राजघराणं वाढलं, पापणीच्या पांढऱ्या केसांएवढं झालं. मोठं झाल्यावर कळलं की ही मंडळी उताणी पोहतात, पाय वर करून. "मी पालथी, हे उताणे," बाई म्हणाल्या. "उगाच नाही जमलं आमचं." लेक आता घरात शिरताच त्यांना चारा घालायची, आणि कुणी बघतंय असं वाटलं की लगेच नाक मुरडायची.

नजर आली, पण सगळी नाही. काळ्यावर काळा धागा आता उमटत नव्हता. फिकट कापड जमत होतं. बाईंनी ते मान्य केलं. म्हणजे आधी दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, मग मान्य केलं.

आणि मग जावयाचं कामाचं जाकीट मांडीवर घेतलं. गडद निळं. लिफ्टच्या दारात अडकून खिशापाशी फाटलेलं. चार वेळा उसवलं, पाचव्यांदा ओवलं. कामावर निघताना त्याच्या हातात दिलं.

तो खिडकीपाशी उजेडात गेला. बोट फिरवलं. सापडलं.

"दिसतंय ना?" रफूबाई म्हणाल्या.

"दिसतंय."

"मग ते रफू नव्हे."

"असू दे. इतकी माणसं तुमचं काम अंगावर घालून हिंडतात आणि कुणाला पत्ता नाही कुणी केलंय ते. माझ्याबाबतीत तरी कळू दे लोकांना." त्याने जाकीट घातलं आणि त्या जागेवर उगाच हात दाबला.

रफूबाई टाकीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही ते गादीचं भोक वाकडं कापलं होतंत. उजव्या गालाला रुतायचं रोज."

"मग बोलला का नाहीत? एरवी काय सोडता!"

"बोलले असते तर तुम्ही दुसरं कापलं असतंत," त्या म्हणाल्या. "मला तेच वाकडं हवं होतं."

तो दारात थांबला. परत आत आला आणि नळ सोडला. एकदा हात धुतले, दुसऱ्यांदा धुतले.

थेंबांची वेळ झाली होती. रफूबाईंनी आपणहून मान वर केली.