सल्लागार गप्प बसला

तन्वीने हरिश्चंद्राची खुर्ची ओढत भिंतीकडे, पाण्याच्या जारपाशी नेऊन ठेवली आणि स्वतः टेबलामागे बसली.

“इथं बसा, काका. लोकांशी मी बोलणार. आज मधे तोंड घातलंत तर मी संध्याकाळी पुण्याची गाडी पकडते.”

“घालूचंय नाय,” तो म्हणाला.

ती उगाच बोलत नव्हती. म्युच्युअल फंडाचं हे ऑफिस त्याने एकट्याने वाढवलं होतं. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत पैसे गुंतवणारी माणसं, आणि प्रत्येकाला हरीच पाहिजे. साखर वाढली तेव्हा डॉक्टर खेकसला होता, कामं वाटून दे नायतर धंदा सोड. आधी ठेवलेली दोन पोरं पळाली, कारण ती बोलायला लागली की हरिश्चंद्र वाक्य तोडायचा. तन्वी हुशार होती. ही गेली तर कुलूपच.

काशीबाई आली. मासळीची पाटी दारात ठेवून तिने हात पदराला पुसले आणि टेबलाकडे न बघता सरळ जारकडे वळली.

“हरी, बाजार पडलो म्हणतत. पैसे काढू काय रे?”

“काकी, बसा,” तन्वी म्हणाली. “बाजार पडलाय हे खरं. पण आत्ता काढलेत तर तोटा तुमचाच. हे पैसे म्हातारपणाचे आहेत ना? मग थांबा.”

अगदी बरोबर. हरिश्चंद्राने यातला एक शब्द बदलला नसता.

“तुका नाय इचारलंय गो. हरी, तू सांग मां. थांबू?”

त्याने जारच्या तोटीकडे बघितलं. तन्वी त्याच्याकडे रोखून बघत होती.

काशीबाईही बघत होती. तिचा नवरा दर्यात राहिला त्या दिवशी होडीवरची माणसं अशीच येऊन दारच्या खळ्यात बसली होती. मान खाली, गप्प.

“पैसे गेले?” तिने हळूच विचारलं.

“काकी, कुठे गेले नाहीत, हे बघा स्क्रीनवर...”

“तू गप रव! सगळे काढ. आताच्या आता.”

तन्वीने खूप समजावलं. काशीबाईने सही केली, पाटी उचलली आणि ही बातमी घेऊन मासळी बाजारात गेली.

दुपारी जिन्यावर चपला मावेनात. सगळ्यांना पैसे काढायचे होते. बोलून बोलून तन्वीचा घसा बसला, ऑफिसची भाषा सुटून घरची मालवणी तोंडात आली.

“काका, बोला आता! सांगा ह्यांका!”

हरिश्चंद्र ताडकन उठला आणि तन्वीकडे बोट केलं.

“आयका! कोणाचे पैसे खंय गेले नाय. ह्या चेडू सांगता ताच खरां. माझ्या एकुलत्या झिलाची शपथ!”

रांगेत मागे उभा असलेला गंगाराम म्हणाला,

“सकाळी काशीबायन इचारल्यान तेवा तोंड शिवला होता काय रे?”

“आता चेडवान सांगल्यान म्हणान बोलता,” रांगेत सगळ्यात पुढे असलेला बाबली म्हणाला.

कोणीतरी हसलं. रांग एक पायरी वर सरकली. तन्वीने पहिला फॉर्म ओढून घेतला.

बाबलीला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. सही खंय करूची ते हरिश्चंद्रानेच बोट ठेवून दाखवलं.