आग्र्याच्या किल्ल्यातली सावली

अंगाची हळद उतरायच्या आत नाथाजी पलटणीत परत गेला होता. आता लढाईवर जायचं ठरलं आणि रजा मिळेना, म्हणून त्याने बापाला कळवलं, जमलं तर आग्र्याला येऊन भेटा. बायकोलाही आणा, असं लिहायची काही त्याची छाती झाली नाही. पण त्याचा बाप आकाराम अगदीच दगड नव्हता. नवराबायको अजून धड बोललेली नाहीत, हे त्याला कळत होतं. वडूजकडचे लोक नावं ठेवत राहिले आणि तो सुनेला, मनूला घेऊन लोणंदला गाडीत बसला.

इथवर शहाणपण केलं, ते किल्ल्याच्या दारात संपलं.

नाथाजीला संध्याकाळपर्यंत मोकळीक होती. छावणीत बाईमाणसाला बसायला जागा नाही, म्हणून तो दोघांना बादशहाचे महाल दाखवायला घेऊन आला. मनू पदर पुढे ओढून मागून चालत होती. सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत आग्र्यातही सुटत नव्हती.

"आबा, वर लय पायऱ्या हायत. तुमी हितंच सावलीत बसा की," नाथाजी म्हणाला.

"मेंढरांमागं डोंगर तुडवलं म्या. ह्या पायऱ्यांचं काय घिऊन बसलास!" असं म्हणत आकाराम सगळ्यांच्या पुढे चढला. केवढा आनंद झाला होता त्याला!

वर नाथाजी एकेक महाल दाखवू लागला. बाप हाताच्या अंतरावर होता, तरी पोराचा आवाज चढलेला. मागच्या माणसाला ऐकू जावा एवढा.

"ह्या दगडी जाळीमागनं राण्या बघायच्या, आबा. म्होरं येता येत न्हवतं त्यास्नी."

"चांगली रीत व्हती," आकाराम म्हणाला.

संध्याकाळी नाथाजी बापाच्या पाया पडला, मनूकडे एकदा बघितलं आणि छावणीत गेला.

वर्षाच्या आत तार आली. नाथाजीचे दिवस घालून झाल्यावर आकारामने सुनेला हाक मारली. पोराचा एखादा शब्द कुठं तरी उरला असेल, अशी त्याला वेडी आशा होती.

"पोरी, आग्र्याला त्यो तुझ्यासंगं काय बोलला गं?"

मनू खाली बघत म्हणाली, "तुमास्नी सांगत व्हते न्हवं, मामंजी? त्येच ऐकलं म्या."



"मला सावलीत बस म्हनत व्हता गं त्यो," आकाराम म्हणाला आणि सुनेसमोर रडला.