पिवळी अक्षरं

धाकटी बहीण माझ्याच क्षेत्रात आली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. स्क्रीनवर काय कुठे असावं, अक्षर केवढं असावं, हे ठरवणं माझं काम. हिलाही नेमकं तेच करायचं होतं. लहानपणी ती माझे फ्रॉक घालायची, पण ते निदान मला तोकडे झालेले असायचे.

बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. उभी हयात विंगेत उभं राहून त्यांनी दुसऱ्यांना वाक्यं पुरवली. त्यांची नजर मधोमध धूसर व्हायला लागली, तशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक स्क्रीन लावून दिली. कुठली गोळी घ्यायची, गॅस चालू आहे का, दारात कोण आलंय, सगळं तिच्यावर. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक, देखणी अक्षरं. ऑफिसात सगळ्यांनी वाखाणली. बाबा म्हणायचे, एकदा वाचून दाखव ना. मी दाखवायचे, आणि पुढच्या खेपेला ते घडाघडा म्हणून दाखवायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग मी कामासाठी परगावी गेले आणि इकडे धाकटीने त्याच स्क्रीनवर स्वतःची मांडणी चढवली. काळ्यावर पिवळी, ढब्बू अक्षरं, एका वेळी एकच गोष्ट. रस्त्यावरची पाटी परवडली! आणि बाबा शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते म्हणे. माझ्या मांडणीबद्दल त्यांनी बाहेर कधी चकार शब्द काढला नव्हता. माझा नुसता जळफळाट झाला.

परतल्यावर मी तडक बाबांकडे गेले. धाकटी तिथेच होती, ओट्याला टेकून चहा पीत. मी म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावू, बाबा वाचतील ती मांडणी भिंतीवर राहील. तिने वाद घातला नाही, त्याचाही मला राग आला. मी माझी मांडणी परत चढवली. प्रवासात तिच्यात थोडी सुधारणा केली होती, दार वर नेलं होतं आणि औषधं खाली.

बाबा समोर उभे राहिले.

"वर औषधं," ते म्हणाले. "मधे गॅस, बंद. खाली दार. दारात कोणी नाही."

कुठे अडखळले नाहीत. मी ऐटीत धाकटीकडे पाहिलं. ती स्क्रीनकडे बघत होती, मग खाली कपात बघायला लागली. म्हणून मीही स्क्रीनकडे नीट पाहिलं. वर दार होतं.

"बाबा, तुम्ही पाठ केलं होतंत," मी म्हटलं.

ते ओशाळले. "सवयच आहे गं मला. तू इतक्या हौसेने केलेलं. पण तू गेलीस आणि डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, गोळ्या चुकायला लागल्या. मग हिला मीच बोलावलं. तुला सांगू नको म्हटलं."

म्हणजे आपल्याला ती अक्षरं दिसत नाहीत, हे बाबांनी तिला सांगितलं होतं. मला सांगायचा त्यांना धीर झाला नव्हता. तिचा इतका हेवा मला आजवर कधी वाटला नव्हता.

पिवळी अक्षरं मीच परत लावली. बाबांनी मान किंचित कलती केली, डोळ्याच्या कडेने वाचलं, "दुपारची पांढरी गोळी," आणि पाण्यासाठी धाकटीकडे हात केला.