न धुतलेली गिरणी

वडिलांना जाऊन पाच आठवडे झाले तरी लेकीला रडू आलं नव्हतं. त्यात सोमवारी त्यांच्या टेबलाचा खालचा खण आवरताना ते पाकीट हाती लागलं, आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाकीट चिकटवलेलं होतं, तिनंच फोडलं. आत अडतीस वर्षांपूर्वीचं पत्र, विभागप्रमुखांच्या नावे, बाबांच्या तिरक्या अक्षरात. 'माझा ब्याण्णव टक्क्यांचा आकडा खोटा आहे. गिरणी धुतलेली नव्हती. चूक सर्वस्वी माझी.' खाली सही. पत्र लिहिलं होतं, पण पाठवलंच नव्हतं.

हलक्या प्रतीच्या दगडाची भुकटी करायची, ती फेसावर तरंगवायची आणि तांबं वेगळं काढायचं, हे बाबांचं काम. त्यावरच्या एका प्रबंधाच्या बळावर ते अध्यापक झाले, मग विभागप्रमुख, अधिष्ठाता, आणि शेवटी कुलगुरू. शोकसभेत जो उठला त्यानं त्या प्रबंधाचं नाव घेतलं. आता विद्यापीठ खनिज प्रयोगशाळेला बाबांचं नाव देणार होतं. घरच्यांच्या संमतीपत्रावर आईनं चष्माही न लावता सही केली होती. लेकीची सही शुक्रवारपर्यंत हवी होती. खोट्यावर बाबांचं नाव कोरायला तिचा हात धजेना. आणि नाही म्हणावं तर आईला काय तोंडानं सांगायचं?

गुरुवारी ती प्रयोगशाळेत गेली. तिथं गिरणीकाका होते. दगड दळायच्या गिरणीवर त्यांनी उभा जन्म काढला, म्हणून हे नाव. निवृत्त झाले तरी सकाळी अकराला हजर. घरी बसलो तर सूनबाई मलाच चाळून काढतील, म्हणायचे.

"या, ताईसाहेब!" हातातली चाळणी झटकत ते म्हणाले. "आणि हे काय, तोंड का असं उतरलंय? जेवलीस का नाही?"

तिनं पत्र पुढं केलं. काकांनी ते हातभर लांब धरून वाचलं, आणि हसायलाच लागले.

"काका, हसता काय? माझा इथं जीव जायची वेळ आलीय."

"अगं, ब्याण्णव! त्या ब्याण्णवनं आम्हाला चार महिने झोपू दिलं नाही." त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बस आधी. ऐक. एक दगड दळून झाला की दुसरा घालायच्या आधी गिरणीत नुसती वाळू फिरवायची. कडांना चिकटलेलं सगळं निघून येतं. त्याला आम्ही गिरणी धुणं म्हणतो. त्या दिवशी आधी दळला होता भारी दगड, तांब्यानं भरलेला. तुझ्या बाबाला घाई. वाळू न फिरवताच हलका दगड आत! आकडा आला ब्याण्णव, म्हणजे दगडातलं शंभरातलं ब्याण्णव भाग तांबं बाहेर! पेढे वाटायचेच बाकी होते."

"मग?"

"मग चौथ्या दिवशी त्यानं चोथा तपासला. तांबं काढून घेतल्यावर खाली उरतो ना, तो. फेसातलं तांबं आणि चोथ्यातलं तांबं, बेरीज केली तर घातलं होतं त्याहून जास्त! मी म्हटलं, साहेब, आत तांबं व्यालं का काय? तो काही हसला नाही. तिथं त्या खिडकीशी बसून हेच पत्र लिहिलं."

"आणि पाठवलं नाही," ती हळूच म्हणाली.

"कुणाला पाठवायचं? विभागप्रमुख समोरच्या खोलीत. गेला आणि तोंडावर सांगून आला. मी दाराबाहेर उभा होतो. काय झाडलाय त्याला! मग पुन्हा पहिल्यापासून सगळं. दर वेळी वाळू, दर वेळी चोथा."

काकांनी कपाटातून प्रबंधाची जाडजूड प्रत काढली आणि एका तक्त्यावर बोट ठेवलं. तिनं वाकून पाहिलं. एकोणऐंशी. तिनं पुढचं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं, परत मागं आली. सगळीकडं एकोणऐंशीच. ब्याण्णव कुठंच नव्हते.

"खाणवाले अजून एवढंच काढतात," काका म्हणाले. "कमी नाही, जास्त नाही."

शाळेत तिला नव्वद गुण मिळाले की बाबा विचारायचे, उरलेले दहा कुठं गेले? केवढा राग यायचा तिला. आईशी भांडायची, या माणसाला कौतुक म्हणून ठाऊक नाही. आत्ता तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. अश्रू आधी थोडे, मग थांबेचनात.

"पण मग पत्र जपून का ठेवलं?" तिनं नाक पुसत विचारलं.

"काय माहीत. कुलगुरू झाल्यावर लोक फार वाकायला लागतात. ठेवलं असेल स्वतःला टोचायला." काकांनी तिच्यासमोरचा भुकटीचा ट्रे अलगद उचलून पलीकडं ठेवला. "रड पोरी, खुशाल रड. फक्त नमुन्यापासून जरा लांब. ओला झाला तर मला परत वाळवत बसावं लागेल."