अल्लीपूरच्या विहिरीतलं लिथियम

प्रेरणाच्या संशोधनाबद्दल तिच्या सासूने, अनुसयाबाईंनी, एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं धड उत्तर प्रेरणाला देता आलं नव्हतं.

"आपल्या विहिरीचं पानी खारं हाये. तू त्यातून काहीतरी काढून राह्यली. मंग ते गोड काऊन नाई होत?"

प्रेरणा वर्ध्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि नवऱ्याबरोबर, योगेंद्रबरोबर, नालवाडीत राहायची. पीएच.डी.ला नाव नोंदवून इतकी वर्षं झाली होती, की स्टाफरूममध्ये कोणी "झालं का मॅडम?" असं विचारलं, तर तो चहाबद्दल विचारतोय की प्रबंधाबद्दल, हे तिला पटकन कळायचं नाही. विषय होता खाऱ्या पाण्यातून नेमकं लिथियम तेवढं वेगळं काढण्याचा. त्यासाठी तिने एक पडदा तयार केला होता. पडदा म्हणजे अगदी बारीक छिद्रांची प्लास्टिकची पातळ चकती, आणि त्या छिद्रांत मुरवलेलं रॉकेल. रॉकेलमध्ये लिथियमला ओळखून धरणारी एकदोन रसायनं मिसळलेली. चकतीच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला सौम्य आम्ल. लिथियमने पडदा ओलांडून आम्लात जायचं आणि बाकीच्या मिठाने मुकाट्याने अलीकडेच राहायचं, असा बेत होता.

प्रयोगशाळेत तो छान जमत होता. पण तिचे मार्गदर्शक झाडे सर सहजासहजी खूश होणारे नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, हे पाणी तुम्हीच मिसळलेलं. तुमच्या शब्दाबाहेर ते कसं जाईल? जमिनीतलं पाणी आणा." मग जिल्ह्यातल्या बऱ्याच विहिरींचं पाणी तपासून झालं. त्यात लिथियम त्यातल्या त्यात बरं निघालं ते नेमकं तिच्या सासरच्या, अल्लीपूरच्या विहिरीत. लग्नात आपल्याला काय काय मिळालं याचा हिशेब प्रेरणाने कधी मांडला नव्हता, पण ही विहीर त्यात धरायला हवी, असं तिला त्या दिवशी वाटलं.

म्हणून २००४ सालच्या उन्हाळ्यात, कॉलेजची प्रयोगशाळा रंगकामासाठी बंद झाल्यावर, ती काचेची भांडी जुन्या साड्यांत गुंडाळून एसटीने अल्लीपूरला आली. सासरे पुंडलिकराव यांचं गावात किराण्याचं दुकान होतं. त्यांनी मागची कोठीची खोली कांदे हलवून रिकामी करून दिली आणि त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, की आमची सून विहिरीच्या पाण्यातून सेल काढते. योगेंद्रने नुकताच मोबाइल घेतला होता, त्याची बॅटरी लिथियमची असते एवढं त्यांनी ऐकलेलं होतं, बाकीचं त्यांनी स्वतः जुळवलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा बंद पडलेली बॅटरी घेऊन दारात उभा राहिला. प्रेरणाने त्याला समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग कधी येऊ, असं विचारलं.

विहिरीचं पाणी मात्र तिला जुमानेना. पडद्याला लावलं की दिवस मावळायच्या आत चकतीवर पांढरा थर बसायचा आणि सगळं ठप्प. ती चकती बदलायची, पुन्हा तेच. रोज सकाळी अनुसयाबाई चहा घेऊन दारात यायच्या, खोलीत डोकवायच्या, नाकाला पदर लावायच्या आणि लिथियम आलं का असं विचारायच्या, एखाद्या पाहुण्याची चौकशी करावी तसं. नाही म्हटलं की म्हणायच्या, "येईन. उन्हाचं निंगालं नसन."

प्रेरणा हसायची. पण चहा पिऊन झाल्यावर ते हसू टिकत नसे. आपण घरातली एक खोली अडवली, सुट्टी घालवली, आणि हाती काय, तर पांढरा थर. योगेंद्रने फोनवर नुसतं "कसं चाललंय" विचारलं तरी ती विषय बदलायची.

एके दुपारी चकती खरवडताना तिच्या डोक्यात आलं, की हा थर आपण रोज पाहतो. पाणी तापवायच्या पातेल्याला आतून बसतो तोच हा. पाण्याचा जडपणा. लिथियमला पडदा ओलांडायला पाणी सोड्याच्या पाण्यासारखं, आम्लाच्या उलट, लागतं, आणि पाणी तसं झालं की त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेमकं पडद्यावरच येऊन बसतं. मग ते आधीच तळाशी का बसवू नये? तिने सासऱ्यांच्या दुकानातून चुना आणि धुण्याचा सोडा आणला, ड्रमभर पाण्यात मोजून घातला आणि ढवळून ठेवून दिला. तळाशी पांढरा गाळ बसला. वरचं नितळ पाणी तिने कापडातून गाळून झाकणाच्या पिंपात भरलं, त्यातलं थोडं पडद्याला लावलं. दुसऱ्या दिवशी चकती स्वच्छ होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिने झाडे सरांना फोन केला आणि या, म्हणाली.

सर येणार त्या सकाळी ती त्यांना आणायला बसस्टँडवर गेली. एसटी उशिरा आली. घरी येईपर्यंत जेवणाची वेळ झाली होती, आणि गुरुजी आधी जेवतील, मग काय ते पाहतील, असं अनुसयाबाईंनी जाहीर केलं. पाटावर बसलेल्या सरांच्या ताटात वरण पडलं तेव्हा प्रेरणाचं लक्ष गेलं. वरण पिवळं नव्हतं. चांगलं तांबूस होतं.

"आई, वरणात तिखट घातलं का?"

नाही, म्हणाल्या. हळदच घातली, पण आज हळदीला काय झालं कोण जाणे, रंगच बदलला. डाळ मात्र अशी शिजली, की या घरात आल्यापासून अशी शिजलेली नाही. एरवी विहिरीच्या पाण्यात डाळ दुपारपर्यंत टणकच राहते आणि हातपंपावर जावं लागतं. आज पाहुणे यायचे, घाई होती, पिंपात नितळ पाणी दिसलं, घेतलं.

प्रेरणाने पाटावरूनच कोठीच्या खोलीकडे पाहिलं. मग उठून गेली. पिंप जवळजवळ रिकामं होतं. डाळ, भात, पिण्याचं सोडून स्वयंपाकाचं सगळं पाणी त्यातलंच होतं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून पुंडलिकरावांनी हातातला घास खाली ठेवला.

"सर, जेवू नका," ती म्हणाली. "ते सँपल आहे."

झाडे सरांनी तोवर अर्धं वरण संपवलं होतं. पडद्यापलीकडचं पाणी होतं की अलीकडचं, एवढंच त्यांनी विचारलं. रॉकेल लागायच्या आधीचं, ती म्हणाली. म्हणजे चुना आणि सोडा, सर म्हणाले, आणि तेही गाळून. पुन्हा मुद्दाम करू नका, पण एका जेवणाने कोणी दवाखान्यात जात नाही. मग त्यांनी ताटातलं लिंबू उचललं, वरणावर पिळलं आणि बोटाने कालवलं. वरण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळं झालं.

अनुसयाबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. हळद सोड्यात लाल होते आणि आंबटात परत पिवळी, हळदीचं कुंकू होतं तेही असंच, असं सरांनी सांगितलं. अनुसयाबाईंनी ते ऐकलं आणि त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "इतके दिवस त्या खोलीत तू हेच करून राह्यली होती तं मले सांगाचं. मी कवाच करून देल्लं असतं."

पुंडलिकराव हसले, सर हसले, आणि शेवटी प्रेरणालाही हसावं लागलं, जरी तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. सरांना दाखवायला पाणी उरलेलं नव्हतं.

पण पडदा सकाळपासून चालू होता. त्यात आधीच भरलेलं पाणी होतं, आणि पलीकडच्या आम्लात काही ना काही उतरलेलं असणार. जेवणं आटोपल्यावर तिने त्यातलं थोडं आम्ल काचेच्या बशीत ओतून मंद आचेवर आटवलं. तळाशी पांढरट डाग तेवढा उरला. ओलसर तार त्याला टेकवून तिने स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत धरली. ज्योत पिवळी झाली. पिवळा रंग साध्या मिठाचा. तिने तार तशीच धरून ठेवली.

मग पिवळा विरला आणि ज्योतीच्या कडेला लाल रंग उमटला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. क्षणभर राहिला आणि गेला.

"परत," सर म्हणाले.

तिने परत धरली. परत लाल. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उरलेलं आम्ल नागपूरला मशीनवर तपासायला बाटलीत भरून घ्या, म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी तिचं आजवर केलं नव्हतं.

अनुसयाबाई दारात उभ्या होत्या. हळूच आत आल्या.

"हेच का ते?"

"हो, आई. हेच लिथियम."

"आन्खी एकदा दाखव."

तिने दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि त्या लगबगीने बाहेर निघून गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या त्या शेजारच्या भागाबाईंना हाताला धरून, आणि भागाबाईंच्या मागे त्यांच्या दोन जावा. प्रेरणाने सरांकडे पाहिलं. सरांनी बाटलीला बूच लावून ती खिशात टाकली आणि बशीतलं दाखवायला हरकत नाही, म्हणाले. बशीतला डाग पुरता संपेपर्यंत ती ज्योत लाल करत राहिली. माझ्या सुनेने काढलं, आपल्या विहिरीतून, अनुसयाबाई प्रत्येकीला सांगत होत्या. काय काढलं ते नाव त्यांना सांगता येत नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही.

उन्हं कलल्यावर सर गेले. प्रेरणा ओट्यावर येऊन बसली. अनुसयाबाई शेजारी येऊन टेकल्या आणि आता पुढे काय, असं त्यांनी विचारलं. प्रेरणाने खरं ते सांगितलं. नागपूरचा रिपोर्ट चांगला येईल असं वाटतं, प्रबंध लिहून होईल. पण पडद्यातलं रॉकेल हळूहळू पाण्यात झिरपतं, आठवडाभराच्या वर तो टिकत नाही. ते तिला जमलेलं नाही आणि प्रबंधात ती तसंच लिहिणार आहे. दुसरं कोणी तरी कुठे तरी त्याच्या पुढचं करेल.



"म्हंजे काम अर्धंच झालं."

"अर्धंही नाही, आई."

"मंग पुढच्या उन्हायात येजो," त्या म्हणाल्या. "खोलीत कांदे नाई भरू देत मी तुह्या सासऱ्याले."